साष्टीचें खरेदीखत व नारायणरावांच्या खुनाचा आरोप

मुंबईच्या उपनगरांत जमिनीचा भाव चढला कीं भाऊबंदकीस धार येते, हें आतां कोणास सांगावयास नको. वाडवडिलांचा तुकडा विकला जातो, पैसा घरांतील एकाच्या हातीं पडतो, वांटणीवरून बोलाचाली होते आणि एखाद्या दिवशीं वर्तमानपत्रांत पुतण्याच्या किंवा भावाच्या खुनाच्या आरोपाची हकीकत येते. अशा चालू कज्जांशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. ते न्यायासनांनीं पाहावे. परंतु ज्या भूमीवर अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर हीं गांवें वसलीं आहेत, ती सबंध साष्टीच एकदां अशा एका कज्जांत विकली गेली, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांच्याहि ध्यानांत सहसा राहत नाहीं. विकणारावर सख्ख्या पुतण्याच्या खुनाचा आरोप होता. घेणारास तो आरोप पुरता ठाऊक होता. मोबदला ठरला तो रोकड रकमेंत नव्हे, पलटणींत. त्या व्यवहाराचा दस्तऐवज म्हणजे मार्च १७७५ चा सुरतेचा तह.

हा तह आजवर राजकारणाचा कागद म्हणून पुष्कळांनीं वाचला आहे. प्रस्तुत लेखांत तो खरेदीखत म्हणून वाचून पाहावयाचा आहे. जुने कागद जमविणारांस खरेदीखत कसें तपासावें हें शिकविण्याची आवश्यकता नाहीं. देणाराचा हक्क काय, घेणारास त्याची माहिती किती, किंमत कोणती, कबजा केव्हां गेला, आणि पुढें हरकत आली असतां काय निवाडा झाला, हे प्रश्न आपण साध्या बिघ्या-दोन बिघ्यांच्या कागदासहि घालतों. सबंध बेटाच्या कागदास ते न घालण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

प्रथम मालाची हकीकत. साष्टी ही वसईबरोबर १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहाकडून फिरंग्यांच्या हातीं गेली. १६६१ त पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, तेव्हां त्या आंदणांत साष्टीहि येते असा इंग्रजांचा दावा होता. फिरंग्यांनीं तो मानला नाहीं व साष्टी सोडली नाहीं. राजानें १६६८ त मुंबई सालीना दहा पौंड खंडानें कंपनीस दिली. पण मुंबईच्या बेटाचें पोट साष्टीवर चालणार, आणि ठाण्याच्या खाडीचा रस्ता दुसऱ्याच्या जकातींतून जाणार, ही अडचण कंपनीस प्रथमपासूनच बोचत होती. १७३७ त चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. गंगाजी नाईक अणजूरकर यांच्यासारख्या स्थानिक मंडळींची त्या मसलतींतील कामगिरी वाचकांस विदितच आहे. १७३९ त वसई पडली आणि उत्तर कोंकणांतील फिरंगी अंमल संपला. मुंबईकरांच्या शेजारची जमीन तशीच राहिली, फक्त धनी बदलला. आणि नवा धनी जुन्याहून बलिष्ठ निघाला. १७६७ त मुंबईकरांनीं मॉस्टिन यास माधवरावांकडे पाठविलें, त्या वेळीं साष्टीची गोष्ट निघालीच होती. माधवरावांनीं दाद दिली नाहीं. १७७२ त तोच मॉस्टिन पुन्हां पुण्यास कंपनीचा वकील म्हणून येऊन राहिला, त्याच्या कामांतहि साष्टी व वसई मिळविणें हें एक मुख्य कलम होतें. गिऱ्हाईक असें कित्येक वर्षें दारांत उभें होतें. विकणार मिळत नव्हता. तो पेशव्यांच्या घरच्या भांडणानें मिळवून दिला.

त्या भांडणाचें मूळ बहुतेक लेखक दादासाहेबांच्या स्वभावांत शोधतात. स्वभावाचा भाग आहेच. पण मूळ आमच्या मतें वांट्याच्या कल्पनेंत आहे. नानासाहेब १७६१ च्या जूनांत वारले. पुत्र माधवराव सोळा वर्षांचे, धाकटे नारायणराव त्याहून लहान, आणि चुलते रघुनाथराव ऐन उमेदींत, अटकेपर्यंतच्या मोहिमेचा लौकिक व त्याबरोबरच मोठें कर्ज पदरीं घेऊन बसलेले. बापाच्या मिळकतींत भावाचा निम्मा वांटा, ही सामान्य गृहस्थाघरची समजूत त्यांनीं दौलतीस लावली. १७६२ त आळेगांवीं पुतण्यास नमवून त्यांनीं कारभार हातीं घेतला. तो फार दिवस टिकला नाहीं. १७६८ त त्यांनीं अमृतरावांस दत्तक घेतलें. त्याच वर्षीं धोडपला लढाई होऊन ते कैद झाले आणि शनवारवाड्यांत नजरेखालीं आले. माधवरावांनीं मृत्यूपूर्वीं जीं कलमें लिहून ठेविलीं त्यांत कर्जफेडीची आणि चुलत्यांच्या बंदोबस्ताची काळजी दिसते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं ते थेऊरास वारले, आणि त्यांची जरब होती तीहि त्यांच्याबरोबर गेली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पेशवाई ही कांहीं भट घराण्याची मिरास नव्हती. ती छत्रपतींनीं वस्त्रें देऊन सांगितलेली नेमणूक होती, आणि साष्टी ही स्वराज्याच्या मुलखांतील ठाणें होती. चुलता व पुतण्या यांत वांटा मागावयाचा तर घरच्या इनामांचा, वाड्यांचा, रोकडीचा मागतां आला असता. मुलूख वांटून घेण्याचा वा विकण्याचा अधिकार दोघांसहि नव्हता. परंतु जें पद पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरीं राहतें तें घरचेंच वाटूं लागतें. पाटिलकीचें असेंच झालें, देशमुखीचेंहि झालें, आणि मुख्य प्रधानाच्या पदाचेंहि झालें.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध १३, सोमवार, या दिवशीं शनवारवाड्यांत काय घडलें तें शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. थकलेल्या पगाराचें निमित्त करून सुमेरसिंग, महंमद इसफ व खरगसिंग यांचे गारदी वाड्यांत घुसले; अठरा वर्षांचे नारायणराव धांवत जाऊन चुलत्यांस बिलगले; तुळाजी पवारानें त्यांस ओढलें; चापाजी टिळेकर आड पडला तो त्यांच्याबरोबरच मारला गेला. याहून अधिक वर्णनाचें येथें प्रयोजन नाहीं. प्रश्न आरोपाचा आहे, आणि आरोपाचा पुरावा कोणता हें पाहणें अवश्य आहे.

सर्वांच्या तोंडीं असलेला पुरावा म्हणजे ती चिठी. ‘धरावें’ असें दादांनीं लिहिलें आणि आनंदीबाईंनीं ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा इतकी रूढ झाली आहे कीं ती पुरावा आहे कीं दंतकथा आहे हें विचारावयाचेंहि लोक विसरले. ग्रँट डफनें १८२६ त आपल्या ग्रंथांत अक्षर फिरविल्याची हकीकत घेतली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकानें १९०९ पासून तो सर्व प्रसंग रंगभूमीवर डोळ्यांपुढें उभा केला. त्यानंतर शंका घेणारास कोण विचारतो? आम्हीं मात्र कागदाच्या बाजारांत बसलेले लोक. अक्षर मोडी कीं बाळबोध, कागद कोणता, शाई एक कीं दोन, खोडाखोड कोठें, हें पाहावयाचें तर मूळ कागद समोर पाहिजे. आणि ती चिठी म्हणून एकहि अस्सल कागद आजवर प्रसिद्ध झालेला नाहीं. एका अक्षराच्या या कथेनें दादांच्या गुन्ह्यांतील मोठा हिस्सा त्यांच्या बायकोच्या पदरांत टाकला, एवढें मात्र खास. कथा कोणाच्या सोईची होती, हा विचार वाचकांनीं करावा.

चिठी बाजूस ठेविली तरी आरोप उरतोच. रामशास्त्री प्रभुणे हे त्या वेळीं मुख्य न्यायाधीश. त्यांनीं चौकशी केली व दोष दादांवर येतो असें ठरविलें. पुतण्यास कैद करण्यास आपली संमति होती, जीव घेण्यास नव्हती, असें दादांचें म्हणणें पडलें. शास्त्रीबोवांनीं देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडून ते वाईकडे जाऊन राहिले, ही हकीकत डफनें दिली आहे. त्यांतील संवाद मागाहून सजविले गेले असतील. पण शास्त्रीबोवा नव्या धन्याच्या कारभारांत राहिले नाहींत आणि बारभाईंच्या काळीं परत आले, यांतच त्यांचा निवाडा वाचतां येतो. आमच्या दृष्टीनें याहूनहि सबळ पुरावा खुनानंतरच्या वागणुकीचा आहे. ज्यांनीं धन्यास मारलें त्यांस दादांनीं दंड केला नाहीं, जवळ बाळगलें. ज्याचें सुतक धरावयाचें त्याच्याच जागीं बसण्यासाठीं साताऱ्याहून वस्त्रें मागविलीं आणि ऑक्टोबरांत आळेगांवच्या मुक्कामीं तीं घेतलीं. कैदेच्या हुकुमाचा अनर्थ झाला असता तर पश्चात्तापाचें कांहीं चिन्ह दिसावयास पाहिजे होतें. पटवर्धनी दप्तरांतील जीं पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त छापलीं, तीं या काळासाठीं ज्यानें वाचलीं नसतील त्यानें हा विषय हातीं घेऊंच नये, असें आम्ही म्हणतों.

आतां हक्काचा विचार. नारायणरावांची स्त्री गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे इत्यादि मंडळींनीं, ज्यांस बारभाई म्हणतात, तिला १७७४ च्या जानेवारींत पुरंदरास नेलें. मार्चांत कासेगांवीं दादांनीं त्रिंबकराव पेठे यांचा मोड केला. पण लढाई जिंकून उपयोग झाला नाहीं. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. धर्मशास्त्राप्रमाणें गर्भस्थ पुत्राचा हक्क बापाच्या मरणानें बुडत नाहीं. मुलाच्या जन्माबरोबर दादांचा वारसा, खुनी ठरोत वा न ठरोत, संपला. म्हणूनच दादांच्या पक्षानें मूल खोटें आहे अशी आवई उठविली. वारसाच्या दाव्यांत औरसपणावर घाला घालणें हा आपल्याकडील जुना डाव आहे. पण ती आवई दरबारांत कोणी मानली नाहीं, आणि चाळीस दिवसांचें मूल पेशवा झालें.

एवढें झाल्यावर दादा गुजरातेकडे वळले व त्यांनीं इंग्रजांशीं बोलणें लाविलें. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. सुरतेचा मुख्य रॉबर्ट गँबियर. गिऱ्हाइकानें आपली जुनी मागणी पुढें केली: साष्टी व वसई. आश्चर्य असें कीं दादांनीं ती प्रथम नाकारली. गुजरातेंतील महाल देऊं केले, पण चिमाजी अप्पांनीं रक्त सांडून घेतलेली ठाणीं देण्यास ते कचरत होते. चुलत्याच्या अंगीं लाज अगदींच नव्हती असें म्हणणारांनीं ही गोष्ट विसरूं नये. पुढें ती लाज टिकली नाहीं, हें निराळें.

इकडे मुंबईकरांनीं दुसऱ्याच वाटेनें व्यवहार जमविण्याचा प्रयत्न चालविला होता. त्याची हकीकत डफनें दिली आहे व ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतहि ती आली आहे. ठाण्याच्या किल्लेदारानें किल्ला पैशास देण्याचें कबूल केलें. मागणी २ लक्ष ६० हजारांची. घासाघीस होऊन १ लक्ष २० हजारांवर आली. तितक्यांत पुण्याहून किल्ल्यास नवी शिबंदी आली आणि सौदा फिसकटला. साष्टीच्या इतिहासांत रोख रुपयांत बोललेली ही एकच किंमत, आणि तीहि धन्याच्या नोकरानें सांगितलेली. किल्ल्याचा पैका किल्लेदार खाणार आणि मुलूख मुंबईकर खाणार. पेशवा त्या वेळीं पाळण्यांत.

सौदा फिसकटला तेव्हां मुंबईकरांनीं कबजा आधीं व कागद मागाहून असा मार्ग धरिला. गोव्याहून फिरंगी आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे ही बातमी त्यांस निमित्तास पुरली. डिसेंबर १७७४ त जनरल गॉर्डन यास ठाण्यावर पाठविलें. पहिला हल्ला फसला व त्यांत सुमारें शंभर गोरे पडले. आरमाराचा अधिकारी वॉटसन याच वेढ्यांत जखमी होऊन मेला. महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत किल्ला पडला आणि शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल झाली. अंधेरीच्या पश्चिमेस समुद्रकांठीं वेसाव्याचा कोट आहे, तो घेण्यास कर्नल कीटिंग यास पाठविलें होतें. १७७५ उजाडलें तेव्हां सारी साष्टी इंग्रजांची झाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० जानेवारी १७७५ रोजीं, धारेस आनंदीबाईंस पुत्र झाला. त्याचें नांव बाजीराव ठेविलें.

मार्चांतील तहाकडे वळतांना हा क्रम लक्षांत ठेविला पाहिजे. साष्टी तहानें गेली नाहीं. ती आधींच गेली होती. तहानें तिच्यावर विकणाराची सही तेवढी मिळविली. दादांनीं आतां साष्टी, वसई व मुंबईजवळचीं बेटें कायमचीं कंपनीस दिलीं, शिवाय जंबुसर व ओलपाड हे महाल, आणि भडोच व सुरत येथील उत्पन्नाचा मराठ्यांचा वांटा. मोबदला म्हणून कंपनीनें २,५०० लोकांची फौज द्यावयाची. वरवर पाहतां मुलूख हीच किंमत झाली असें वाटतें. पण पुढील कलम पाहावें. त्या फौजेचा खर्च दरमहा दीड लक्ष रुपये दादांनींच द्यावयाचा, आणि त्याबद्दल सहा लक्षांचे जडजवाहीर तारण ठेवावयाचे! म्हणजे विकणारानें माल दिला, मालाच्या किंमतीचा खर्च स्वतः सोसला, आणि तो सोसूं याबद्दल तारणहि दिलें. असें खरेदीखत आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. एखाद्या गांवकुलकर्ण्यानें असा कागद लिहून आणला असता तर पंचांनीं त्यास वेडा म्हणून परत पाठविलें असतें.

हक्काचें तर बोलावयासच नको. सवाई माधवराव जन्मून अकरा महिने झाले होते. देणारा पेशवा नव्हता. पेशवा असता तरी मुलूख तोडून देण्याचा अधिकार वर सांगितल्याप्रमाणें त्याचा नव्हता. आणि ज्या खुनामुळें तो पेशवा म्हणवीत होता त्या खुनाचा आरोप त्याच्या माथ्यावर होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावयाचें तर निदान हलवाई अनोळखी असावा! घेणारा अनभिज्ञ होता असेंहि म्हणतां येत नाहीं. खून झाला त्या दिवसांत मॉस्टिन पुण्यांतच कंपनीचा वकील होता. शनवारवाड्यांतील बातमी मुंबईच्या कौन्सिलास बाजारगप्प म्हणून कळली नाहीं. मुंबईच्या दप्तरांतून फॉरेस्टनें १८८५ त जे मराठ्यांसंबंधीचे कागद छापले, त्यांवरून ही माहितगारी उघड होते. सद्भावानें व मोल देऊन घेणारास कायदा संरक्षण देतो. येथें सद्भावहि नाहीं आणि मोलहि नाहीं.

हरकत घेतली ती मात्र अनपेक्षित ठिकाणाहून. १७७३ च्या कायद्यानें मुंबईवर कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची देखरेख बसली होती. त्या सरकारनें हा तह आपल्या परवानगीवांचून केलेला व अन्यायाचा म्हणून रद्द ठरविला आणि कर्नल अप्टन यास पुण्याकडे धाडलें. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहानें सुरतेचें खत मोडलें. खत मोडलें, पण माल परत आला नाहीं. साष्टी इंग्रजांकडेच राहावी, अथवा कलकत्तेकरांची मर्जी असल्यास तिच्याऐवजीं तीन लक्ष उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांनीं द्यावा, असें कलम पडलें. शिवाय लढाईचा खर्च म्हणून बारा लक्ष रुपये मराठ्यांनींच भरावयाचे. साष्टीची सरकारी आकारणी कोणत्या कागदांत कशी आहे याचा शोध घेणारांस हा तीन लक्षांचा आंकडा उपयोगी पडेल. दोन्ही पक्षांनीं मान्य केलेला असल्यामुळें त्यास वजन आहे. पुढें विलायतेहून कंपनीच्या संचालकांचें पत्र आलें, त्यांत मुंबईकरांचें कृत्य पसंतच पडलें होतें. कनिष्ठानें केलेला गुन्हा, मध्यमानें धरलेला, वरिष्ठानें माफ केला.

मधल्या लढायांचा तपशील येथें टाळतों. १७७९ च्या जानेवारींत वडगांवास मुंबईची फौज अडकली, तेव्हां १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख, म्हणजे साष्टीसुद्धां, परत देण्याचें इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहून दिलें. मुंबईस पोंचतांच तें लिहिणें नाकारण्यात आलें. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले होते, तेथून निसटून पुन्हां सुरतेस गेले. शेवटीं १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह ठरला. वसई मराठ्यांस परत. साष्टी, कारंजा, घारापुरी व आणखी एक लहान बेट इंग्रजांकडे. दादांस दरमहा २५ हजारांची नेमणूक, आणि इंग्रजांनीं त्यांस पुन्हां आश्रय देऊं नये. खुनाच्या आरोपाबद्दल या तहांत एक अक्षर नाहीं. ज्या फिर्यादीपासून सारा प्रकार निघाला ती फिर्याद दोन्ही पक्षांनीं चुपचाप बासनांत बांधली. दादा कोपरगांवीं जाऊन राहिले व ११ डिसेंबर १७८३ रोजीं तेथेंच वारले. नेमणुकीचे हप्ते त्यांस फार मिळाले नाहींत.

नाना फडणिसांवर येथें एक दोषारोप करणें प्राप्त आहे. वसई परत मिळविण्यांत त्यांनीं व महादजींनीं जें साधलें त्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं; फ्रेंच, हैदर, निजाम, भोसले या सर्वांची मोट बांधून इंग्रजांस थोपविणें हें लहान काम नव्हे. तथापि पुरंदरास साष्टीचें कलम ज्या दिवशीं मान्य झालें त्याच दिवशीं सुरतेच्या खताचा निम्मा भाग कायम झाला. दादांचा हक्क खोटा हें पुणेंकरांचें म्हणणें. मग खोट्या हक्कानें दिलेली वस्तु दुसऱ्याकडे राहूं देण्याचा आधार कोणता? बळाचा, एवढेंच उत्तर. तें उत्तर खरें आहे, पण तें कागदावर तसें लिहिलेलें नाहीं, आणि संशोधकानें तें तसें वाचलें पाहिजे.

खुन्यास मारलेल्याची मिळकत मिळावी कीं न मिळावी, हा प्रश्न पुढें इंग्रजी अमदानींतहि आपल्या इलाख्यांत वारंवार निघाला. १९०७ त मुंबई हायकोर्टापुढें खुन्याच्या बायकोनें स्वतःच्या नात्यानें वारसा मागितल्याचें प्रकरण आलें व तिचा हक्क मान्य झाला. १९२४ त याच इलाख्यांतील एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें ठरविलें कीं, खुनी जणूं जन्मलाच नाहीं असें धरून पुढचा वारस शोधावा, आणि त्याच्या द्वारां दुसऱ्या कोणासहि हक्क पोंचूं नये. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत हें तत्त्व कलमबद्ध झालें. आनंदीबाई व बाजीराव यांस हा न्याय लावला तर काय झालें असतें, हा खेळ ज्यांस आवडतो त्यांनीं खेळावा. वस्तुस्थिति अशी कीं सवाई माधवराव १७९५ त निपुत्रिक वारले, आणि दादांचा पुत्र पुढच्या वर्षीं पेशवा झाला. त्यानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं इंग्रजांशीं जो तह केला तो वसईस. म्हणजे बापानें विकलेल्या आणि नानांनीं सोडवून आणलेल्या त्याच ठाण्यांत.

साष्टीच्या पुढील इतिहासाचें विवेचन या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. एवढेंच नमूद करतों कीं, इंग्रजांनीं पुढें हीच जमीन निराळ्या शर्तींवर निराळ्या धन्यांस दिली. १८२९ त पवई फ्रामजी कावसजींकडे गेली, १८३० त बैरामजी जीजीभाईंस साष्टींतील गांवें मिळालीं. अशा इस्टेटींची साऱ्याची माफी १९५१ च्या कायद्यानें संपली. १९२० त उपनगर जिल्हा निराळा झाला, आणि १९५० व १९५७ या दोन खेपांस अंधेरी-घाटकोपरपासून दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महानगरपालिकेंत आला. त्यानंतरचे भाव सर्वांस ठाऊक आहेत.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. मराठी अंमल साष्टींत १७३७ पासून १७७४ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षें होता. या सदतीस वर्षांतील कौल, वहिवाटीचे हिशेब, खाडीकांठच्या बांधांचे करार आणि गांवकऱ्यांचे अर्ज यांपैकीं कांहीं कागद जुन्या घरांतून अद्याप असूं शकतील. जमीन विकली जाते तेव्हां वकिलास लागतील तेवढे अलीकडचे कागद ठेवून बाकीचे मोडी रुमाल रद्दींत जातात. कारण ते कोणास वाचतां येत नाहींत. त्यांत तारखेच्या जागीं सुहूर सन असेल, तो अरबी आंकड्यांच्या शब्दांत लिहिलेला असेल. १७७४ च्या डिसेंबरांतील कागद असल्यास त्यावर खमस सबैन मया व अलफ असें असेल. एवढ्याच खुणेवरूनहि रुमाल ओळखतां येईल. ज्या घरीं तो सांपडेल त्यांनीं तो विकूं नये असा आग्रह नाहीं. विकण्यापूर्वीं नक्कल होऊं द्यावी.